डावा कुणाचा

हार्ड डिस्क बसवून देण्यात चष्मेवाल्यांचा फायदा काय होता, ते आधी पाहून घ्यावं. डिस्क त्यांची नव्हती, कॉम्प्युटर त्यांचा नव्हता, आणि ज्या टेबलाखाली तो बसला होता ते टेबल, ती खोली, त्या खोलीत कानांवर हेडफोन चढवून लोकांच्या बोलण्यातले खोकले आणि आवंढे कापून काढणारी ती मुलगी, यातलंही काही त्यांच्या नावावर नव्हतं. डिस्क बसली असती तर लोक म्हणाले असते, बसली. बिघडली असती तर म्हणाले असते, चष्मेवाल्यांनी बिघडवली. म्हणजे जमेच्या बाजूला शून्य आणि खर्चाच्या बाजूला होतं नव्हतं ते सगळं, असा हा मामला. शहाण्या माणसानं हात पाठीमागे धरून लांबून बघत राहावं असा. तरीही चष्मेवाले त्यात पडले, कारण त्यांना एक वस्तू हवी होती आणि ती कुठल्याच दुकानात मिळत नव्हती. त्यांना त्या मुलीकडून एक हाक हवी होती. फार मोठी हवी होती असंही नाही. मधल्या आकाराची, रोजच्या वापरातली चालली असती.

मुलगी त्यांच्या बायकोची. बायकोच्या आधीच्या संसारातली. चष्मेवाल्यांनी संसार मांडला तोच मुळी कानांवरचे केस पिकल्यावर, आणि मांडला म्हणजे तरी काय, मांडलेल्यात जाऊन बसले. घर बायकोचं. भिंतींवरचे खिळे आधीच्या गृहस्थांनी ठोकलेले. ते गृहस्थ लिफ्टचे इंजिनिअर. त्यांचं आणि बायकोचं पटेनासं झालं तेव्हा ते दुसऱ्या शहरात निघून गेले, आणि जाताना खिळे अर्थातच नेले नाहीत. चष्मेवाल्यांनी या घरात पहिल्यांदा शर्ट अडकवला तेव्हा खिळा त्यांना जरा उंच पडला. टाचा उचलाव्या लागल्या. खिळा काढून खाली ठोकावा हे त्यांना सुचलं नव्हतं असं नाही, पण भिंतीला भोक राहिलं असतं आणि ते सगळ्यांना दिसलं असतं. उचललेल्या टाचा कुणाला दिसत नाहीत. तेव्हापासून ते रोज घरी आले की टाचा उचलत, शर्ट अडकवत, टाचा टेकवत आणि मग बायकोला हाक मारून चहा आहे का विचारत. या घरात हाका त्यांच्याकडून जात. बायकोकडून एक परत येई, 'अहो चष्मेवाले' अशी, चेष्टेच्या सुरातली. कारण ती पहिल्यांदा त्यांच्या दुकानात आली होती ती वाचायचा चष्मा करायला, आणि काचा बसवून होईपर्यंत एवढं छान बोलली होती की त्यांनी मुद्दाम एक स्क्रू टेबलाखाली पाडून तो शोधत वेळ काढला होता. दुकानात तर गिऱ्हाइकं त्यांना सर्रास डॉक्टर म्हणत. 'मी डॉक्टर नाही हो' हे त्यांनी कितीतरी वर्षं सांगून पाहिलं आणि मग सोडून दिलं. माणसाला नको ते मिळत राहतं, आणि हवं ते घरातल्या घरात अडून बसतं.

मुलगी त्यांना काहीच म्हणत नसे. आईनं सुरुवातीला सुचवलं होतं, 'काका म्हण की.' त्यावर ती म्हणाली होती, 'काका मी रिक्षावाल्यालाही म्हणते.' यात अपमान होता की मान, हे चष्मेवाल्यांना आजवर ठरवता आलं नव्हतं. 'बाबा' ही जागा भरलेली होती. त्या बाबाला ती फोनवर बिनधास्त अरे-तुरे करी, 'बाबा, अरे ऐक ना, तू ना अगदी हा आहेस.' उरलेल्या जागेसाठी तिनं शब्द शोधला नाही, तिनं व्याकरणच वाकवलं. 'किल्ली ठेवून जायला हवी होती.' 'जेवण झालंय का?' 'येताना बल्ब आणला गेला तर बरं होईल.' तू नाही, तुम्ही नाही, अहो नाही, अरे नाही. चष्मेवाले तिच्या वाक्यांत शिरायला दार शोधत, आणि प्रत्येक वाक्याला आतून कडी असे. त्यांना तिचं कौतुकही वाटे. एखाद्याला एकदा टाळणं सोपं आहे. रोज, सकाळसंध्याकाळ, दूध-पेपर-बल्ब-गॅस या सगळ्यांतून वाट काढत टाळायचं म्हणजे भाषेवर हुकमत लागते. शिवाय ती उद्धट नव्हती. कधी दार आपटलं नाही, कधी ताट सरकवलं नाही. भांडली असती तर बरं, असं त्यांना कधीकधी वाटे. भांडताना माणसाला समोरच्याला काहीतरी म्हणावंच लागतं.

आणि मग परवा संध्याकाळी ते बाहेरच्या खोलीत पाय लांब करून पेपर वाचत बसले होते, मुलगी खिडकीशी उभी राहून फोनवर बापाशी बोलत होती, आणि बोलता बोलता म्हणाली, 'हो रे बाबा, डिस्क आलीये. पट्ट्याही आल्यात. पण बसवणार कोण? घरात कोणी नाहीये.'

चष्मेवाल्यांनी आधी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. मग त्यांनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं. एका पायात चप्पल होती, दुसऱ्यातली गळून खाली पडली होती. दोन्ही पाय होते. गुडघे होते, पेपर होता, पेपर धरलेले हात होते. ते मुळीच रागावले नाहीत. तिला काय म्हणायचंय ते त्यांना बरोबर कळलं होतं: हे काम येणारं कोणी नाही. पण वाक्य तसं नव्हतं. वाक्य कापून छोटं केलेलं होतं, जसे ती दिवसभर लोकांचे खोकले कापते, आणि त्या कापाकापीत चष्मेवाले गेले होते. आपण आहोत एवढं तरी कळावं म्हणून त्यांनी पेपरचं पान जरा मोठ्यानं उलटलं. फोनमधून बापानं काहीतरी विचारलं असावं, कारण मुलगी म्हणाली, 'काही नाही रे, पेपर वाजला.'

रात्रीच्या जेवणाला प्रकरण ताटावर आलं. मुलीच्या कॉम्प्युटरची डिस्क भरली होती, पुढची रेकॉर्डिंगं ठेवायला जागा नव्हती, आणि पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणारी तिची कंपनी म्हणत होती की जमत नसेल तर सांगा, दुसरं कोणी पाहतो. 'बाबा म्हणतोय, कॉम्प्युटर घेऊन तिकडेच ये,' मुलगी आईला म्हणाली. 'पाव तासाचं काम आहे म्हणतोय. आणि आलीच आहेस तर काम संपेपर्यंत इथंच राहा. त्याच्याकडे एक खोली रिकामीच आहे.' आईचा वाढणारा हात मध्येच थांबला. तिला ठाऊक होतं, काम संपेपर्यंत म्हणून गेलेल्या माणसांची कामं रिकाम्या खोलीत संपत नाहीत. 'जायचं तर जा बाई,' ती म्हणाली, आणि डाव पातेल्यात असा ठेवला की त्याचा आवाज तिच्या बोलण्यापेक्षा खरा वाटला. चष्मेवाल्यांनी घास गिळला. 'मी बसवतो,' ते म्हणाले.

दोघींनी त्यांच्याकडे पाहिलं. भिंतीवरचं घड्याळ बोललं असतं तर त्याच्याकडे जसं पाहिलं असतं, तसं.

'अहो, तो चष्मा नाहीये,' बायको म्हणाली.

'स्क्रूच आहेत ना?'

'कॉम्प्युटरवर प्रयोग झाला आणि डिस्क गेली तर?' मुलीनं विचारलं. कुणी केला, हे सांगायचं टाळून.

'नाही जाणार,' चष्मेवाले म्हणाले. त्यांना काहीही माहीत नव्हतं.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यांनी मुलीच्या खोलीतल्या टेबलावर जुना पेपर पसरला आणि दुकानातून आणलेली हत्यारांची छोटी पेटी त्यावर उघडली. कॉम्प्युटर खूप मोठा आणि जाडजूड होता. घरात त्याला पहिलवान म्हणत, कारण चालू झाला की तो घोरत असे. बापानंच कधी काळी सुटे भाग आणून जोडलेला. त्यांनी आणि मुलीनं मिळून तो टेबलावर घेतला, तोंड आपल्याकडे करून उभा ठेवला, आणि बाजूचं झाकण काढलं. आत धूळ होती, पण घरातली नेहमीची भुरकट धूळ नाही, एक जड, काळसर, लोकरीसारखी धूळ, जिच्यावर कुणी फुंकर मारलेली नव्हती. तळाशी एक पायमोजा घडी करून ठेवलेला होता आणि त्या मोज्यावर चिकटपट्टीनं बांधलेली जुनी डिस्क, दवाखान्यातल्या खाटेवर आडवं केल्यासारखी. घोरत होती ती हीच. 'अशी का?' चष्मेवाल्यांनी विचारलं. मुलगी म्हणाली, 'डिस्क बसवायचा पिंजरा असतो आत. बाबाच्या दोन डिस्क त्यात होत्या. जाताना तो पिंजऱ्यासकट घेऊन गेला. घाईत होता.' शेवटचे दोन शब्द तिनं अशा पद्धतीनं म्हटले की ते ती पुष्कळदा म्हणून चुकली असावी, आणि दर वेळी त्यांचा उपयोग थोडा कमी होत गेला असावा.

पिंजऱ्याची जागा आता मोकळी होती. वर दोन रुंद खण होते, पूर्वी त्यांत गाण्यांच्या तबकड्या वाजवणारी यंत्रं बसत, ते खण तेवढे शिल्लक. नवी डिस्क त्या मानानं अरुंद. नुसती सरकवली तर दोन्हीकडे अंतर राहणार आणि ती आत खुळखुळणार. म्हणून या पट्ट्या. पत्र्याच्या, काटकोनात वळवलेल्या, डिस्कच्या दोन्ही अंगांना स्क्रूनं लावायच्या म्हणजे डिस्क खणाएवढी रुंद होते आणि मग ती खणाला कसता येते. चष्मेवाल्यांनी पट्टी बोटांत फिरवून पाहिली. मोठ्या माणसाच्या जागेत लहान माणूस बसवायचा आणि फरकाला दोन्हीकडून पत्रा लावायचा, हे त्यांच्या मनात आलंच, आणि आल्याबरोबर त्यांनी ते झटकलं. उपमा त्यांना परवडत नसत. दुकानात कुणी 'डोळे म्हणजे मनाच्या खिडक्या' वगैरे सुरू केलं की ते म्हणत, 'हनुवटी वर घ्या.' पण झटकलेली गोष्ट कुठेतरी पडतेच. ही त्यांच्या टाचांत जाऊन बसली. टाचा आपोआप वर झाल्या, मग त्यांच्या ध्यानात आलं की टेबल तर बुटकंच आहे.

बापाचा फोन तेवढ्यात आलाच. मुलीनं तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

'साहेब, नमस्कार!' फोन म्हणाला. 'घाबरू नका. लिफ्टपेक्षा सोपं आहे. अडकली तरी आत माणूस नसतो.'

'घाबरत नाही,' चष्मेवाले म्हणाले.

'आधी बाहेरच्या पत्र्याला हात लावा. अंगातली वीज उतरू द्या. लावला?'

'लावला.' पत्रा थंड होता. आपल्या अंगात वीज असेल आणि ती कुणीतरी उतरवायला सांगेल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

'आता डिस्क समोर ठेवा. लेबल वर. तारा लागतात ती बाजू पलीकडे. पट्ट्यांवर अक्षरं कोरलीत बघा, एल आणि आर. एल डावीकडे, आर उजवीकडे. चार-चार स्क्रू. संपलं.'

'एल डावीकडे,' चष्मेवाले म्हणाले, आणि तिथे मात्र त्यांच्या हातांत सकाळपासून नसलेली सफाई आली. स्क्रू चिमटीत धरायचा, भोकावर उभा करायचा, आधी उलटा फिरवायचा म्हणजे आटा टकन् जागेवर पडतो, मग सुलटा. हे सगळं त्यांना मामाच्या दुकानात शिकायला मिळालं होतं, मिसरूड फुटायच्या आधी. मामा त्यांना समोर उभं करी आणि म्हणे, 'माझा उजवा डोळा दाखव.' ते आपल्या उजव्या हाताच्या समोरचा डोळा दाखवत आणि मामा टपली मारी. 'तो माझा डावा, गाढवा. गिऱ्हाईक आरशात नसतं, खुर्चीत असतं. समोरच्याचा उजवा तो उजवा. तुझा स्वतःचा उजवा घरी ठेवून दुकानात येत जा.' टपल्या खाऊन खाऊन ते एकदा त्यांच्या डोक्यात उलटं झालं आणि मग पुन्हा कधी सुलट झालं नाही. आता रस्त्यात कुणी पत्ता विचारला तर चष्मेवाले आधी त्या माणसाच्या शेजारी जाऊन, त्याच्यासारखं तोंड करून उभे राहत, आणि मग 'उजवीकडे' म्हणत. समोर बसलेल्याला चमचा त्याच्या हाताशी ठेवत. न्हाव्याच्या दुकानात मात्र आरशातल्या माणसाचा भांग कुठल्या बाजूला म्हणायचा हे त्यांना सांगता येत नसे, आणि न्हावी कंटाळून आपल्या मनानं पाडे. पट्ट्या लावून होईपर्यंत ते मामाच्या दुकानातच होते. काचा घासण्याच्या चाकाचा ओला वास नाकात होता, आणि फोनमधल्या माणसाच्या श्वासाचा आवाज तिथंच कुठेतरी बाहेर, फुटपाथवर.

'आता खणात सरकवा,' श्वास म्हणाला.

डिस्क अर्ध्यावर गेली आणि अडली.

'अडतेय.'

'नाही अडत. जरा जोर लावा.'

चष्मेवाले कधीच जोर लावत नसत. ज्या धंद्यात काच फुटते त्या धंद्यात जोर हा शब्द नसतो. पण मुलगी शेजारी उभी होती आणि फोनमधला माणूस सांगत होता, म्हणून त्यांनी लावला. आतून 'कच्च' असं काहीतरी झालं. डिस्क आत गेली खरी, पण वाकडी. खणाची भोकं आणि पट्ट्यांची भोकं एकमेकांकडे न बघता बसलेल्या जावांसारखी. तरी त्यांनी एक स्क्रू घातला. तो तिरपा गेला, रुतला, आणि माथ्यावरची खाच गुळगुळीत झाली.

'भोकं जुळत नाहीत,' ते म्हणाले.

'जुळतात हो. शंभरदा केलंय मी.' मग फोन पुन्हा बोलला तेव्हा त्यात चांगुलपणा आला होता, आणि तो जास्त लागला. 'साहेब, असू द्या. नका त्रास घेऊ. तुमचं काम नाही हे. उगीच डिस्क जायची. बेटा, ऐकतेयस ना? सगळं आहे तसं ठेव आणि बॅग भर. मी खोली झाडून घेतो.'

'नंतर करते तुला,' मुलगी म्हणाली आणि तिनं फोन बंद केला.

खोली एकदम शांत झाली. स्वयंपाकघरात भांडी वाजत होती तीही थांबली, म्हणजे बायको ऐकत होती. चष्मेवाल्यांनी स्क्रू ड्रायव्हर पेपरवर ठेवला, अगदी सरळ, पेपरच्या कडेला समांतर, जणू तो तरी आपल्याकडून नीट व्हावा. त्यांना बॅग दिसली, माळ्यावरची निळी. ती आपल्यालाच काढून द्यावी लागणार, खुर्चीवर चढून. मग ही खोली दिसली, टेबलावर काही नसलेली, आणि बायको रोज सकाळी उगाच तिचं दार उघडून बघते आहे. तेव्हाही मुलगी फोन करील, 'आई आहे का?' विचारील, आणि त्या प्रश्नात कर्ता, कर्म, क्रियापद सगळं आईचं असेल. आपण उचलून फोन आईला दिला जाईल. हो, दिला जाईल, असंच. समोर पहिलवान उघड्या अंगानं उभा होता. त्याच्या तोंडावर दोन गोल बटणं होती, आणि चष्मेवाल्यांना वाटलं की तो आपल्याकडे बघतोय, नंबर वाढलेल्या माणसासारखा, डोळे किलकिले करून, तक्रार न करता. माझं तर पाहा, असं काहीसं. त्यांनी सवयीनं त्याच्या उजव्या बटणाकडे आधी पाहिलं आणि मग डाव्या.

मुलगी वाकून आत डोकावत होती. 'एल कुठे लावलीये?'

'डावीकडे.'

'ही उजवी बाजू आहे.'

'डावी आहे,' चष्मेवाले म्हणाले. 'त्याची.'

'कुणाची, त्याची?'

'याची.' त्यांनी पहिलवानाकडे हात केला. 'आपल्याकडे तोंड करून बसलाय ना. मग त्याचा डावा हा झाला.'

मुलीनं पहिलवानाकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे. मग पुन्हा पहिलवानाकडे, आणि तिच्या नाकातून हसू बाहेर पडलं, मग तोंडातून, मग ती टेबलाला धरून खालीच बसली. 'याचे डोळे तपासले गेले!' ती म्हणाली. 'आई, अगं आई, पहिलवानाला चष्मा लागलाय!' हसतानाही तिनं आपलं बिनकर्त्याचं क्रियापद सोडलं नव्हतं, हे चष्मेवाल्यांच्या नजरेतून सुटलं नाही. पण हसणं थांबत आलं तशी ती त्यांच्याकडे जरा निराळ्या तऱ्हेनं बघायला लागली, म्हणजे एखादा आवाज कुठून येतोय ते शोधताना तिची मान जशी तिरकी होत असे तशी. ती डावखुरी होती. 'म्हणजे सकाळी माझ्या कपाचा कान डावीकडे फिरवलेला असतो,' ती सावकाश म्हणाली, 'ते आई नाही करत?'

'मी?' स्वयंपाकघरातून आवाज आला. 'मला एवढा वेळ असता तर! कप ठेवते तेच उपकार समजा.'

कप चष्मेवाले फिरवत असत हे त्यांनाच नव्यानं कळत होतं. त्यात काही केल्यासारखं त्यांना कधी वाटलं नव्हतं. समोर माणूस बसलं की त्याचा हात कुठला, हे त्यांच्या हातांना आधी कळे. त्यांनी पेटीतलं एक रबरबँड घेतलं, त्याचा छोटा तुकडा कापून गुळगुळीत झालेल्या स्क्रूच्या माथ्यावर धरला, वरून स्क्रू ड्रायव्हर दाबून हळूच फिरवला, आणि रुतलेला स्क्रू सुटला. 'डिस्क वाकली असेल?' त्यांनी विचारलं. मुलीनं डिस्क बाहेर काढून खिडकीच्या उजेडात धरली, खालून-वरून पाहिली. 'पट्टीला ओरखडा आलाय. डिस्कला काही नाही.' पट्ट्या काढल्या. अदलाबदल केली. एल या वेळी आपल्या डावीकडे. चष्मेवाल्यांना ते चुकीचंच वाटत होतं, कुणाच्या तरी बाजूनं न बघता केल्यासारखं. पण डिस्क गुपचूप आत सरकली, शेवटपर्यंत, आणि भोकांतून पलीकडचा उजेड गोल, पूर्ण दिसला.

'आता आधी तारा लावूया, मग कसता येईल,' मुलगी म्हणाली. तिनं मागून हात घातला. जागा अडचणीची होती. गाल पत्र्याला टेकवून ती बोटांनीच चाचपत होती. एक तार लागली. दुसरी जाड, वळायला तयार नाही. तिनं ती रेटली, तशी न कसलेली डिस्क पुढच्या बाजूनं खणातून बाहेर यायला लागली, निसटून टेबलाच्या कडेवर कलली, आणि मुलगी ओरडली:

'अरे, धर ना! पडतेय! धर, धर!'

चष्मेवाल्यांनी धरली. दोन्ही हातांनी, ओंजळीत.

'हां. तसाच राहा. हलू नकोस हं.'

ते हलले नाहीत. डिस्क त्यांच्या तळव्यांवर होती, थंड, वजनदार, आत काहीही नसलेली. पत्र्याच्या पलीकडून तिचा श्वास आणि पुटपुटणं ऐकू येत होतं, 'लाग ना बाई, लाग,' ते तारेला होतं. आधीचं मात्र तारेला नव्हतं. धर. राहा. हलू नकोस. कुणी म्हणेल, घाईत निघालेले शब्द. पण मघाशी ती 'घाईत होता' म्हणाली तीही घाईच होती. घाईत माणूस काय नेतो आणि काय ठेवतो, त्याला किंमत असते. चष्मेवाल्यांना वाटलं की आपण खोकलो तर ही तीन वाक्यं कापली जातील. म्हणून ते खोकलेही नाहीत. त्यांची कंबर भरून आली. नाकाच्या शेंड्यावर चष्मा घसरला, त्यांनी तो घसरू दिला. तारेचा प्लग खट्कन बसला, मुलगी पुढे आली, डिस्क आत ढकलली, दोन्ही बाजूंनी स्क्रू घातले, कसले, अंगठ्यानं हलवून पाहिले. ते अजून हात धरून उभे.

'सोड की आता,' ती म्हणाली. 'किती वेळ धरून बसणार आहेस?'

आणि मग तिनं ऐकलं. आवाजाचं काम करणारी मुलगी. आपलंच वाक्य तिला जरा उशिरा ऐकू आलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ती ते मागे घेऊ शकली असती, एक 'सोडलं तरी चालेल' तिच्याकडे तयारच होतं, तोंडापर्यंत आलेलंही दिसलं. तिनं स्क्रू ड्रायव्हर उचलला, पेटीत ठेवला, आणि ते आलेलं गिळून टाकलं.

'सोडतो,' चष्मेवाला म्हणाला, आणि त्यानं हात सोडले.

पहिलवान चालू झाला. घोरला, पण नेहमीचाच, मोज्यावरच्या डिस्कचा. नवीचा आवाजच नव्हता. पडद्यावर ती दिसेना. अंगातली वीज उतरवायची राहिली असेल म्हणून चष्मेवाल्यानं पुन्हा पत्र्याला हात लावला. 'थांब रे, घाबरतोस काय,' मुलगी म्हणाली. 'नवीन आहे ना. आधी तिची ओळख करून द्यावी लागते, मग हा तिला घरात घेतो.' तिनं कुठेतरी काहीतरी दाबलं, काहीतरी नाव टाइप केलं, आणि पडद्यावर एक नवा चौकोन आला. रिकामा, पांढरा, भरपूर जागा असलेला. 'जुनीचाही मोजा काढूया,' ती म्हणाली. 'तिला पण पट्ट्या आणूया एक जोडी. वरचा खण आहेच.' आणूया. चष्मेवाल्यानं तो शब्द जिथे पडला तिथून डोळ्यांनीच उचलला.

फोन पुन्हा वाजला. 'अरे हो बाबा, बसली,' ती खिडकीशी जात म्हणाली. 'नाही, येत नाहीये. हो, भेटायला येईन, राहायला नाही. बॅग कसली भरतेय! कुणी म्हणजे? घरात माणसं नाहीत का?' बायको दारात उभी होती, ओल्या हातांनी. तिनं चष्मेवाल्याकडे पाहिलं. त्यानं घसरलेला चष्मा वर केला आणि पेटीतली सगळ्यात लहान हातोडी घेऊन बाहेरच्या खोलीत गेला.

आता या सगळ्यात कोणी काय किंमत भरली, ते. लिफ्टच्या इंजिनिअरांनी खोली झाडली होती, ते झाडणं फुकट गेलं. पण पोरगी भेटायला येणार आहे, तेव्हा तेही अगदीच वाया नाही. आईनं बॅग भरताना म्हणायची म्हणून पाठ केलेली चार वाक्यं होती, ती तिला न वापरता टाकून द्यावी लागली. पट्टीवर एक ओरखडा आला आणि एक स्क्रू कायमचा गेला. भिंतीला एक भोक पडलं, कारण खिळा वीतभर खाली आला. ते सगळ्यांना दिसतं, आणि कुणी काही म्हणत नाही. मुलीनं एवढ्या मेहनतीनं बांधलेलं ते सगळं बिनकर्त्याचं व्याकरण गमावलं, आणि आता तिला गॅस बंद केला का ते सरळ विचारावं लागतं. पण सगळ्यात जास्त भरलं ते चष्मेवाल्यानं. दुकानातलं डॉक्टर, फोनवरचं साहेब, बायकोचं अहो, असं सगळीकडून साठवत आणलेलं ते आदराचं बहुवचन त्या मुलीच्या खोलीत एका सकाळी पार खर्ची पडलं. तिच्या हिशेबी त्याच्याकडे आता एकवचनच उरलं आहे. ते त्यानं घट्ट धरलेलं आहे, ओंजळीत, आणि सोड म्हटलं तरी सोडणार नाही.